एक चिमटा, एक चिमूट

(पांडेसरा, सुरत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे आपापली पोरं घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मास्तरांचा एक नियम त्यांच्याकडून मी अनेकदा ऐकला: वर्गात पहिला प्रश्न शेवटच्या बाकाला विचारायचा. आजचं माझं सगळं बोलणं त्या नियमावर उभं आहे. कसं, ते हळूहळू कळेल.

आपल्यापैकी बहुतेकांची वाट एकच आहे. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशनं मागे टाकत गाडी उधन्याला येते आणि आपण गाठोडं घेऊन उतरतो. तापीही त्याच दिशेने येते. मुलताईला उगम पावते, भुसावळजवळून वाहते, उकाईच्या धरणात विसावते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. तापी ही सूर्याची लेक, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे ऊन आणि पाणी यांचं नातं आपल्या नदीच्या घरातच आहे. मला आज त्या नात्याबद्दलच बोलायचं आहे. पाणी कमी पडलंय आणि ज्याला कमी पडलंय त्याला ते सांगता येत नाही, अशा वेळी आपण काय करायचं?

सांगता न येणारे दोन जण आपल्या गल्लीत असतात. एक तान्हं पोर आणि दुसरं मुकं जनावर. तान्हं आणि तहान हे शब्द कानाला किती जवळचे वाटतात! त्यांची व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. मला एवढंच ठाऊक आहे, की तान्ह्याची तहान दुसऱ्या कुणीतरी ओळखावी लागते.

माझी एक जुनी चूक सांगते. मी नुकताच स्वतःचा दवाखाना थाटला होता. मे महिना, टळटळीत दुपार. एक बाई धावत आली. कडेवर वर्षाचं पोर, मागे नऊ-दहा वर्षांची मुलगी. बाई सकाळपासून धागा कटिंगच्या कामावर गेलेली, नवरा डाइंगच्या खात्यात रातपाळी करून घरी झोपलेला. पोराला जुलाब लागले होते. मी आईला विचारू लागले: शी किती वेळा झाली? शू शेवटची कधी केली? दूध किती प्यायला? ती प्रत्येक प्रश्नाला जरा थांबायची आणि अंदाजाने काहीतरी सांगायची. तिचा काय दोष? ती घरी नव्हतीच. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, “सहा वेळा. शू सकाळी पाणी भरलं तेव्हा केली, मग नाही केली. आधी रडायचा तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं, आता नुसताच रडतो.”

इतकी नेमकी माहिती त्या आठवड्यात मला कुणीच दिली नव्हती. तिच्याकडून ती मिळाली, तरी मी वळले आईकडेच. हातात ओआरएसची पुडी दिली आणि म्हणाले, “पाण्यात मिसळून पाजा.” दुसऱ्या दिवशी पोर आणखी चिडचिडं, आणखी तहानलेलं. विचारलं तेव्हा कळलं, की लिटरभर पाण्याची अख्खी पुडी एका पेल्यात कालवली होती. इतकं खारट पाणी तहान भागवत नाही, उलट वाढवतं. पोराला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागलं. नशिबाने निभावलं. चूक माझी होती. पाणी किती, हे मी सांगितलंच नव्हतं. आणि ते पाणी ज्या हातांनी पाजलं, त्या मुलीकडे मी नीट पाहिलंही नव्हतं. तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारते: दुपारी घरात कोण असतं?

भाऊ बरा झाल्यावर ती मुलगी पुन्हा आली. म्हणाली, “आमच्या ओट्याखाली कुत्रीने पिल्लं घातलीत. त्यातलं एक असंच करतंय. त्याला पण पुडी देऊ का?” मला उत्तर माहीत नव्हतं. माझे थोरले बंधू खानदेशात गुरांचे डॉक्टर. त्यांना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “चिमटा घेऊन पाहिलास का?” मी हसले, तर म्हणाले, “हसतेस काय? तू पोटावर घेतेस, मी खांद्यावर घेतो. विद्या एकच.”

म्हणून आजच्या व्याख्यानाचं नाव ‘एक चिमटा, एक चिमूट’. ओळखायचं चिमट्याने, बरं करायचं मिठाच्या चिमटीने. मधे लागतो तो धीर.

आधी हिशेब समजून घेऊ. मोठ्या माणसाच्या वजनात साधारण साठ टक्के पाणी असतं, तान्ह्या बाळात सत्तरच्याही वर. वरून आणखी एक अडचण अशी, की लहान जिवाचं पाणी लवकर संपतं. दहा किलोचं मूल घ्या. त्याच्या वजनातलं पाच टक्के पाणी गेलं, तर अर्धा लिटर गेलं, म्हणजे घरातले अडीच पेले. पाच-सहा पातळ जुलाबांत एवढं सहज जातं. पाच किलोच्या कुत्र्याच्या पिल्लाचे पाच टक्के म्हणजे पाव लिटर, चहाचे दोन कप. आणि लक्षात ठेवा, पाच टक्क्यांच्या आत बहुधा काहीच दिसत नाही. आपल्याला खुणा दिसू लागतात तेव्हा पाणी बरंच गेलेलं असतं. पुस्तकं ज्याला सौम्य ते मध्यम निर्जलीकरण म्हणतात आणि आपली आजी ‘पोराला शोष पडला’ म्हणते, ती हीच वेळ. ही वेळ तोंडाने पाणी पाजण्याची आहे. ती निसटली, तर पुढची वेळ शिरेतल्या सलाईनची.

मुलात काय पाहायचं? जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी चार साध्या खुणा ठरवल्या आहेत. पहिली, मूल किरकिरं, अस्वस्थ झालंय का? दुसरी, डोळे खोल गेलेत का? ही खूण आईला किंवा ताईला विचारावी, कारण काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात. तिसरी, पाणी दाखवलं की अधाशासारखं झडप घालतं का? चौथी, चिमटा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, पोटाची कातडी अंगठा आणि पहिलं बोट यांत उभी धरायची, क्षणभर ठेवायची आणि सोडायची. नखं लावायची नाहीत. कातडी लगेच सपाट झाली तर ठीक. हळू बसली तर पाणी कमी पडलंय. या चारांतल्या दोन खुणा दिसल्या, तर शरीर पाणी मागतंय असं समजा आणि पाजत पाजत आरोग्य केंद्र गाठा.

याशिवाय घरात दिसणाऱ्या खुणा आहेत. सहा-आठ तास शू नाही, शू झाली तरी गडद पिवळी. जीभ आणि ओठ चिकट. रडताना अश्रू नाहीत. तान्ह्या बाळाची टाळू खाली गेलेली. टाळूवर आपल्या आज्यांची नजर फार बारीक असते. “टाळू बसली” असं आजी म्हणाली, तर तिचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. तिने खूण अचूक पाहिलेली असते. फक्त उपाय टाळूवर तेल भरण्याचा नाही. टाळू वरून भरत नाही, आतून भरते. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, पण एका हाताने. दुसऱ्या हातात चमचा असू द्या.

चिमट्याचीही मर्यादा आहे. गुबगुबीत मुलाची कातडी आत पाणी कमी असूनही पटकन सपाट होते, कुपोषित मुलाची पाणी असूनही हळू बसते. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये.

आता जनावरं. आपल्या गल्लीत कुणाच्या दारी शेळी बांधलेली असते, कुणी मांजर सांभाळतं, आणि कुत्रा तर सगळ्या गल्लीचाच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळं धापांवर चालतं. प्रत्येक धापेबरोबर पाणी जातं. पत्र्याच्या खोलीत साखळीने बांधलेला कुत्रा दुपारभर धापा टाकतो, तेव्हा तो अंग थंड करायला बघतोय आणि आतून सुकतोय. बंधूंनी मला शिकवलेली तपासणी अशी. ओठ वर करून हिरडीला बोट लावा. निरोगी हिरडी ओली आणि निसरडी असते, कोरड्या अंगाची चिकट लागते. मग हिरडी बोटाने दाबून सोडा. तिथे पांढरा डाग पडतो. दोन सेकंदांच्या आत गुलाबी रंग परतला पाहिजे. नंतर खांद्यांच्या मधली कातडी उचलून सोडा. म्हाताऱ्या, फार रोड किंवा फार लठ्ठ जनावरात कातडी फसवते, हे इथेही तसंच. नाक कोरडं म्हणजे आजारी, हा समज सोडून द्या. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं.

मांजराची गोष्ट वेगळी. आजारी मांजर कोपरा धरतं, तक्रार करत नाही. ते पाणीही मुळात कमी पितं. त्याने दिवसभर खाल्लं नाही, किंवा बोका शू करायला बसतो आणि होत नाही, तर वाट पाहू नका. शेळी रवंथ थांबवते, डोळे खोल जातात, करडू आईच्या कासेकडे जात नाही. आणि हे सगळं सर्वांत आधी कुणाला दिसतं? जे मूल रोज त्या करडाबरोबर खेळतं, त्याला.

आता उपायाकडे येऊ. त्याआधी एक गोष्ट. 1971 साल. बांगलादेशच्या युद्धामुळे लाखो निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर येत होते. तिथल्या बनगावच्या इस्पितळात कॉलराचे रोगी जमिनीवर पडलेले होते, आणि शिरेतून देण्याचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कोलकात्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या, त्या पिंपांतल्या पाण्यात कालवल्या आणि पिंपांना नळ बसवले. डॉक्टर-नर्स पुरणार नव्हते. म्हणून पाजायचं काम त्यांनी नातेवाइकांवर सोपवलं. आई, भाऊ, शेजारी, जो जवळ असेल तो पेला भरून न्यायचा. जिथे शेकडा तीस माणसं मरत होती, तिथे त्या छावणीत हे प्रमाण चारच्या आत आलं. अनेक जाणकारांनी आधी नाकं मुरडली. घरच्या माणसांच्या हाती औषध द्यायचं म्हणजे काय! पण 1978 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या मीठ-साखरेच्या पाण्यामागच्या शोधाला कदाचित शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. महालनोबिस 2022 मध्ये गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यामागचं शास्त्र पांडेसऱ्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. मिलच्या गेटवर एकट्या माणसाला आत सोडत नाहीत, ओळखीच्या माणसाबरोबर आला तर सोडतात. आतड्याच्या भिंतीत असंच एक गेट आहे. मिठातला सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले की दोघांनाही आत घेतात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबात आतड्याची बाकीची कामं बिघडली तरी हे गेट बहुधा चालू राहतं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 मध्ये ही जोडी दाखवून दिली. पण जोडी प्रमाणात हवी. साखर फार झाली तर ती आतड्यातच थांबते आणि उलट शरीरातलं पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, नुसतं ग्लुकोजचं पाणी हा उपाय होत नाही.

मेडिकलमधून पुडी घेताना नीट बघा. आजची प्रमाणित पुडी लिटरभर पाण्याची असते आणि तिच्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. 200 मिलिलिटर पाण्याची छोटी पुडीही मिळते. म्हणजे किती पाणी, ते पुडीवरच वाचायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं आहे का, ते पाहायचं. ओआरएस असं नाव लावून गोड पेयांचे डबे बरीच वर्षं विकले गेले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस लिहिण्यास मनाई केली. तरी दुकानात सांगताना ‘पावडरची पुडी द्या’ असंच सांगा.

मोठी पुडी असेल तर अख्खी पुडी, पूर्ण एक लिटर पाणी. अर्धी पुडी अर्ध्या लिटरमध्ये करू नका, पावडर सारखी वाटली जात नाही. पाणी उकळून गार केलेलं. एकदा कालवलेलं पाणी चोवीस तास चालतं, नंतर फेकायचं. त्यात दूध, साखर, सरबताचा अर्क काही घालायचं नाही.

पुडी नसेल तर? एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मी व्याख्यानाच्या नावात चिमूट म्हटलं, पण तुमची चिमूट आणि माझी चिमूट सारखी नसते, म्हणून चमचा. आणि पाजण्याआधी स्वतः चाखा. अश्रूपेक्षा खारट लागलं तर फेका आणि पुन्हा करा.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचं दूध पहिल्यापेक्षा जास्त वेळा, आणि ओआरएस. साधं पाणी नाही. त्याहून मोठ्या मुलाचं खाणं चालू ठेवायचं: पेज, मऊ खिचडी, वरण-भात, ताक, केळं. ‘जुलाब लागले की पाणी तोडायचं’ हा आपल्याकडचा जुना समज आहे आणि त्याने मुलं मारली आहेत. जुलाब थांबले नाहीत म्हणून ओआरएस वाया गेलं असं समजू नका. ते जुलाब थांबवत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. जुलाब बंद करणारी गोळी लहान मुलाला स्वतःच्या मनाने देऊ नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस, त्याहून लहानाला अर्धी. आशाताईकडे आणि आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक फुकट मिळतं.

आता धीराची गोष्ट. दवाखान्यात सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं असतं: “मॅडम, पाजलं पण सगळं ओकलं. आता बाटली चढवा.” मी विचारते, कसं पाजलं? उत्तर येतं, तहानलेला होता, पेलाभर एकदम प्यायला. तहानलेल्या पोटात पेला एकदम ओतला तर ते बाहेरच फेकतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा. मग चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा. हिशेब बघा. खुणा दिसणाऱ्या दहा किलोच्या मुलाला चार तासांत 750 मिलिलिटर भरून काढायचं असतं. हे आरोग्य केंद्रात, डॉक्टर-नर्सच्या नजरेखाली करायचं, पण तिथेही हातात असतो तो चमचाच. दर दीड मिनिटाला एक चहाचा चमचा, की चार तासांत साडेसातशे मिलिलिटर सहज भरतं. चमत्कार म्हणतात तो हा. बाटलीतून शिरेत जातं ते पाणी आणि चमच्याने पोटात जातं ते पाणी, सौम्य अवस्थेत दोन्ही सारखंच काम करतात. एकासाठी पैसे आणि सुई लागते, दुसऱ्यासाठी चार तास बसणारा माणूस लागतो. आपल्याकडे पैसे कमी आणि वेळही कमी, हे मला ठाऊक आहे. बारा तासांच्या पाळीनंतर चार तास चमचा धरून बसणं सोपं नाही. म्हणून तर मी पुन्हा विचारते, दुपारी घरात कोण असतं?

जनावराला पुडी द्यावी का? त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर बंधूंनी असं दिलं. पहिला उपाय सावली आणि स्वच्छ गार पाणी, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. नुसती धाप लागलेली असेल, जनावर चालतंय, पितंय, तर एवढं पुरतं. अंगावर साधं पाणी टाका, पंख्याखाली ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. जुलाब-उलटी असेल, तर प्रमाणित साधी ओआरएस थोडी थोडी चाटवता येते, पण पशुवैद्याला विचारून. म्हाताऱ्या, मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रोगी जनावराला तर विचारल्याशिवाय नाहीच. बिनसाखरेची म्हणून मिळणारी गोड पेयं कुत्र्याला देऊ नका. काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली तर जीव जातो. दया म्हणून भटक्या कुत्र्याला दुधाची वाटी ठेवता, ती पाण्याची ठेवा. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब वाढतात. आणि आडव्या पडलेल्या, शुद्ध हरपत चाललेल्या जनावराच्या तोंडात कधीच पाणी ओतू नका. ते फुफ्फुसात जातं. हाच नियम मुलालाही लागू.

आता नुसत्या चमच्यावर भागणार नाही, हे कसं ओळखायचं? मूल पेंगतंय, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. पाणी पीतच नाही किंवा प्यायलेलं सगळं ओकतं. चिमटा दोन सेकंदांहून जास्त वेळ तसाच राहतो. शीमध्ये रक्त आहे. झटके आले. अंग तव्यासारखं तापलंय आणि मूल बरळतंय. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर नुसते जुलाबसुद्धा पुरे. अशा वेळी 108 ला फोन करा, आणि मूल गिळू शकत असेल तर वाटेत चमचा चालू ठेवा. जनावर उठत नाही, रक्ताचे जुलाब होताहेत, पिल्लाला उलट्या थांबत नाहीत, तर गुजरातेत 1962 हा नंबर आहे. 2017 पासून करुणा अ‍ॅम्ब्युलन्स त्यावर येते. कुत्र्याच्या पिल्लात रक्ताचे जुलाब म्हणजे बहुधा पार्व्हो हा रोग. तो घरी बरा होत नाही, आणि त्यावर लस आहे. लसीचं नाव निघालं म्हणून सांगते, आपल्या मुलांसाठीही रोटाव्हायरसच्या जुलाबांवर लस आहे. सरकारी लसीकरणात 2016 पासून सुरू झाली, 2019 मध्ये देशभर पोचली. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडातून थेंब किंवा पातळ औषध, फुकट. ही लस चुकवू नका.

शेवटाकडे येते. महालनोबिसांनंतर बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने एक काम हाती घेतलं. 1980 ते 1990 या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि एक कोटीहून जास्त घरांत त्यांनी मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. या कार्यकर्त्यांचा पगार किती घरं फिरल्या यावर ठरत नव्हता. महिनाभराने दुसरं कुणी येऊन आईला विचारायचं, काय आठवतंय? बाईने जितकं नीट सांगितलं, तितके शिकवणाऱ्या मुलीला पैसे. म्हणजे शिकवणं तेव्हाच पूर्ण झालं, जेव्हा घरातल्या माणसाने ते परत सांगितलं. मास्तरांना हा नियम आवडला असता.

आपल्या पांडेसऱ्यात मला यात एक बदल करावासा वाटतो. आईला शिकवा, बापाला शिकवा, पण दुपारी खोलीत जी नऊ वर्षांची मुलगी असते, तिलाही शिकवा. ती शेवटच्या बाकावर बसलेली आहे. भावाच्या शू-शीचा हिशेब तिच्याकडे आहे, ओट्याखालच्या पिल्लाचा हिशेबही तिच्याकडे आहे. तिला मोठं काम देऊ नका, तिच्यावर घर टाकू नका. पण खुणा ओळखायच्या, चमचा धरायचा, आणि कधी धावत जाऊन शेजारच्या काकूंना किंवा आशाताईंना हाक मारायची, एवढं तिला नक्की यायला हवं. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तिथल्या गुरुजी-बाईंना माझी विनंती आहे: मे महिन्याच्या सुट्टीआधी एक तास यासाठी द्या. खोडरबर, पेन्सिल, पट्टीबरोबर एक चमचाही दाखवा.

आणि तुम्हा सगळ्यांना एकच गृहपाठ. रात्री घरी गेलात की एक लिटरची पाण्याची बाटली घ्या. ती भरून घरातल्या एखाद्या तांब्यात किंवा पातेल्यात ओता. पाणी जिथपर्यंत येईल, तिथे नेलपॉलिशने किंवा खिळ्याने एक रेघ ओढा. ती रेघ म्हणजे तुमच्या घरातलं एक लिटर. ते भांडं रिकामं करा आणि त्यात लिटरभर पाण्याची एक बंद पुडी ठेवून द्या. मग घरातल्या त्या सगळ्यांत लहान हाताला, जो चमचा धरू शकतो, ती रेघ दाखवा, आणि आठवड्याने त्यालाच विचारा: रेघ कशाची?